अंथरूण मोजायला शिकवताना : महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी पैशांच्या नियोजनाचा वर्ग कसा घ्यावा

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण विद्यार्थ्यांना नव्याने सांगावी लागत नाही. घरी ती इतक्यांदा ऐकलेली असते की आता ती कानावरून निघून जाते. त्यांची खरी अडचण वेगळीच असते : त्यांना अंथरूण दिसतच नाही. नोकरदार माणसाला दरमहा ठरावीक रक्कम मिळते आणि महिना हेच त्याचे माप असते. विद्यार्थ्याकडे पैसा येतो तो गठ्ठ्याने आणि अनियमितपणे, कधी घरून, कधी शिष्यवृत्तीतून, कधी अर्धवेळ कामातून. आणि जातो मात्र रोज, थेंबाथेंबाने. सत्राच्या आरंभी खात्यात मोठा आकडा दिसतो तेव्हा तो श्रीमंत असतो आणि परीक्षेच्या आधी दोन आठवडे उसनवारीवर दिवस काढत असतो. या दोन टोकांमधला प्रवास त्याला आधीच कागदावर दिसावा, एवढे जरी तुमच्या वर्गाने साधले तरी वर्गाचा बराचसा उद्देश सफल झाला, असे माझे मत आहे.

हा लेख अशा व्यक्तींसाठी आहे ज्यांच्यावर हा विषय शिकवण्याची जबाबदारी पहिल्यांदाच आली आहे. त्यात प्राध्यापक असतील, वसतिगृहाची देखरेख करणारे असतील, स्वयंसेवक असतील किंवा धाकट्यांना मार्गदर्शन करणारे वरच्या वर्गातले विद्यार्थीही असतील. अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. बेरीज, वजाबाकी, टक्केवारी आणि पुष्कळसा संयम पुरतो. आठवड्याला एक तास, असे सहा आठवडे गृहीत धरून मी पुढील मांडणी केली आहे.

वर्ग सुरू होण्याआधी

माझ्या पहिल्या वर्गाची सुरुवात मी चक्रवाढ व्याजाने केली होती. फळ्यावर चाळीस वर्षांनंतरच्या शिलकीचा आलेख काढला, तो मला फार सुंदर वाटला आणि तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, खोलीतल्या मैत्रिणीने घेतलेले पैसे परत कसे मागायचे?’’ माझ्या चाळीस वर्षांच्या आलेखात त्या प्रश्नाला जागा नव्हती. तेव्हापासून अभ्यासक्रम ठरवण्यापूर्वी मी चिठ्ठ्या गोळा करतो.

प्रत्येक विद्यार्थ्याला एक कोरी चिठ्ठी द्यावी, नाव लिहू नये असे स्पष्ट सांगावे आणि चार प्रश्न विचारावेत : तुमच्याकडे पैसे कोठून आणि साधारण कधी येतात, येत्या तीन महिन्यांत पैशाविषयी कोणता निर्णय तुम्हाला घ्यावा लागणार आहे, अलीकडे कोणत्या खर्चाची चुटपुट लागली, आणि सध्या तुम्ही कोणाचे देणे लागता का. रकमा विचारू नयेत. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे सर्वांत मोलाची असतात, कारण त्यांवरून तासांचा क्रम ठरतो. निम्म्या वर्गाला पुढच्या महिन्यात भाड्याची खोली शोधायची असेल, तर अनामत रकमेची आणि भाडेकराराची चर्चा पहिल्या आठवड्यातच घ्यावी, मग ती कोणत्याही छापील अभ्यासक्रमात शेवटी का असेना.

या आग्रहामागे केवळ माझा अनुभव नाही. डॅनियल फर्नांडिस, जॉन लिंच आणि रिचर्ड नेटेमेयर या संशोधकांनी २०१४ मध्ये आर्थिक शिक्षणावरील २०१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. लोकांच्या आर्थिक वर्तनात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ०.१ टक्का वाटा अशा शिक्षणाने स्पष्ट होतो, असे त्यांना आढळले. शिवाय शिकवलेले काळाबरोबर विरून जाते, म्हणून शिक्षण प्रत्यक्ष निर्णयाच्या अगदी जवळ दिले जावे, असे त्यांनी सुचवले. हा निष्कर्ष वाचून नाउमेद होण्याचे कारण नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका आढाव्यात ७६ नियंत्रित प्रयोग तपासले गेले आणि आर्थिक शिक्षणाचा ज्ञानावर तसेच वर्तनावरही चांगला परिणाम होतो, असे दिसले. दोन्ही एकत्र वाचले तर नवख्या शिक्षकाने घ्यायचा बोध माझ्या मते असा, की जो निर्णय विद्यार्थ्याच्या दारात उभा आहे तो आधी शिकवावा आणि वीस वर्षांनी येणारा नंतर.

आणखी तीन पथ्ये आरंभीच पाळावी लागतात. वर्गात कोणालाही स्वतःची मिळकत किंवा शिल्लक उघड करायला लावू नये. एकाच बाकावर बसलेल्या दोघांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो आणि तो चव्हाट्यावर आला की गरीब विद्यार्थी गप्प होतो, सधन विद्यार्थी ओशाळतो. कोणत्याही बँकेचे, कार्डाचे, विम्याचे किंवा ॲपचे नाव सुचवू नये. एखाद्या संस्थेने वर्गाचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली आणि बदल्यात आपली पत्रके वाटायला सांगितली, तर नम्रपणे नकार द्यावा. आणि ‘वायफळ खर्च’ हा शब्द शक्यतो वापरूच नये, कारण तो उच्चारताच विद्यार्थी खरे आकडे लपवू लागतात आणि त्यानंतर आपण जे शिकवतो ते खोट्या आकड्यांवर उभे राहते.

पहिला तास : खर्चाची वही

पहिल्या तासाला व्याख्यान नको. दोन आठवड्यांची नोंद कशी ठेवायची, एवढेच शिकवावे. वही, मोबाइलमधील तक्ता किंवा साधा कागद, काहीही चालेल. अट एकच, की खर्च झाला त्याच दिवशी लिहायचा, कारण तीन दिवसांनंतर आठवून लिहिलेल्या यादीतून नेमके लहान खर्च गळतात. खर्चाची वही ठेवण्याची रीत जुनी आहे. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार महिलेने १९०४ मध्ये घरखर्चाच्या नोंदीची जी वही प्रसिद्ध केली, तिची पद्धत तिथे आजही वापरली जाते. आणि त्या वहीचे बळ हाताने लिहिण्यात, म्हणजे खर्चासमोर क्षणभर थांबण्यात आहे, असे मानले जाते. मोबाइलमध्ये आपोआप तयार होणारी यादी हे थांबणे देत नाही. म्हणून निदान हे दोन आठवडे तरी विद्यार्थ्यांनी स्वतः लिहावे, असा माझा आग्रह असतो.

नोंदीचे रकाने ठरवताना एक लहानसा बदल केल्यास फार फायदा होतो. सर्वसाधारणपणे खर्चाची विभागणी वस्तूंनुसार केली जाते : प्रवास, कपडे, पुस्तके, करमणूक. मी ती कारणानुसार करायला सांगतो आणि चार रकाने देतो : ‘ठरलेला’, ‘अडल्यामुळे’, ‘सोबतीमुळे’ आणि ‘सहज’. भाडे किंवा शुल्क हे ठरलेले. पावसात अडकल्यामुळे करावा लागलेला प्रवास हा अडल्यामुळे. एकट्याने केला नसता, पण चौघे निघाले म्हणून झाला, तो सोबतीमुळे. रात्री कंटाळून मोबाइलवर मागवलेली वस्तू ही सहज. एकच वस्तू वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या रकान्यांत जाऊ शकते आणि त्यातच या विभागणीचा अर्थ आहे. ‘करमणुकीवर जास्त खर्च झाला’ या वाक्याचे विद्यार्थ्याला काय करायचे ते कळत नाही. ‘सोबतीचा खर्च माझ्या सहज खर्चाच्या दुप्पट आहे’ हे वाक्य मात्र त्याला विचारात पाडते.

दोन आठवडे पूर्ण झाल्यावर वह्या गोळा करू नयेत आणि पाहूही नयेत. प्रत्येकाने आपापल्या रकान्यांची बेरीज करावी, एकूण खर्चाशी टक्केवारी काढावी आणि ज्याला सांगावेसे वाटेल त्याने केवळ टक्केवारी सांगावी. याच वेळी एक दुर्लक्षित बाब तपासून घ्यावी : खात्यातून किंवा कार्डावरून आपोआप वळते होणारे शुल्क. पहिला महिना मोफत म्हणून सुरू केलेली आणि नंतर विसरून गेलेली एखादी तरी वर्गणी वर्गातल्या कोणा ना कोणाकडे सापडतेच.

दुसरा तास : सत्राचा तक्ता

हा या साऱ्या उपक्रमाचा कणा आहे, म्हणून त्याला एक तास अपुरा पडला तर दोन द्यावेत.

अंदाजपत्रकाविषयी वाचायला गेल्यास जवळजवळ सर्वत्र एक सूत्र भेटते : उत्पन्नाचा ५० टक्के भाग गरजांसाठी, ३० टक्के इच्छांसाठी आणि २० टक्के बचतीसाठी. अमेरिकेतील कायद्याच्या प्राध्यापक आणि पुढे सिनेटर झालेल्या एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची कन्या अमेलिया वॉरन त्यागी यांनी २००५ मध्ये ते लोकप्रिय केले. ते कमावत्या कुटुंबांसाठी आहे. ज्या विद्यार्थ्याचे ८० टक्के पैसे राहण्या-जेवणात आणि शुल्कात जातात त्याच्यापुढे हे सूत्र ठेवले, तर तो एवढेच शिकतो की आपण नापास आहोत. त्याऐवजी त्याला संपूर्ण सत्राचा आडवा तक्ता काढायला सांगावा, ज्यात प्रत्येक महिन्यासाठी एक स्तंभ असेल, वरच्या ओळीत येणारे पैसे आणि खाली आधीच माहीत असलेले सर्व जाणारे पैसे असतील.

उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवावे. चलनाचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण नाव घेतले की वर्ग त्या रकमा कमी की जास्त यावर वाद घालू लागतो. समजा, सत्र पाच महिन्यांचे, म्हणजे सुमारे २० आठवड्यांचे आहे. आरंभी २०,००० मिळाले आणि अर्धवेळ कामाचे दरमहा १,००० मिळणार आहेत. एकूण जमा २५,०००. राहण्या-जेवणाचे दरमहा ३,००० म्हणजे पाच महिन्यांचे १५,०००. पहिल्या महिन्यात पुस्तके १,५००. तिसऱ्या महिन्यात आणि सत्राच्या शेवटी गावी जाण्याचे प्रत्येकी १,०००. चौथ्या महिन्यात परीक्षेचे शुल्क २,०००. हा ठरलेला खर्च झाला २०,५००. उरले ४,५००. त्यातले ५०० अडीनडीसाठी बाजूला ठेवले, तर ४,००० राहिले आणि त्यांना २० आठवड्यांनी भागले की उत्तर येते २००.

आता वर्गाला विचारावे, की पहिल्या दिवशी या विद्यार्थ्याला मोबाइलवर कोणता आकडा दिसेल? २०,०००. आणि त्याचे अंथरूण केवढे आहे? आठवड्याला २००. पहिला महिना त्याने अगदी शिस्तीत काढला, आठवड्याला २०० याप्रमाणे ८०० खर्च केले, तरी महिन्याअखेरीस खात्यात १५,७०० दिसतात. त्यातले खरोखर मोकळे पैसे मात्र उरलेल्या १६ आठवड्यांचे ३,२०० एवढेच आहेत. बाकीचे पैसे त्याच्या खात्यात आहेत, पण ते आधीच कोणाचे तरी झालेले आहेत. ही वजाबाकी विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहिली पाहिजे. सांगून हा मुद्दा उतरत नाही. फळ्यावर १५,७०० आणि ३,२०० हे दोन आकडे शेजारी लिहिले की वर्गात जी शांतता पसरते ती मी दरवर्षी पाहतो.

प्रत्येकाचे उत्पन्न या उदाहरणासारखे नसते, हे ध्यानात ठेवून काही पर्याय तयार ठेवावेत. ज्याचे काम अनियमित आहे त्याने मागील काही महिन्यांतील सर्वांत कमी मिळकत आधार म्हणून धरावी आणि जास्तीचे येईल ते वरकड समजावे. सरासरी धरल्यास मंद महिन्यात तोंडमिळवणी होत नाही. ज्याला आठवड्याच्या आठवड्याला पैसे मिळतात त्याने महिन्यांऐवजी आठवड्यांचा तक्ता काढावा. जो विद्यार्थी शिकता शिकता घरी पैसे पाठवतो, त्याच्या तक्त्यात ती रक्कम ‘ठरलेला खर्च’ म्हणून मानाने लिहिली जावी. ती कमी कर, असा सल्ला देण्याचा आपल्याला अधिकार नाही. आणि तक्त्याचे उत्तर उणे आले तर? असे होतेच. मग ते उत्तर पहिल्याच आठवड्यात कळले हा लाभ समजून त्या विद्यार्थ्याला शुल्काचे हप्ते, शिष्यवृत्ती, ग्रंथालयातील पुस्तके, कामाचे जादा तास, घरच्यांशी वेळीच बोलणे, असे मार्ग वर्गाबाहेर शांतपणे दाखवावेत. चौथ्या महिन्यात हेच उत्तर मिळाले असते तर यांतले निम्मे मार्ग बंद झालेले असते.

तिसरा तास : पैसे वेगळे ठेवणे

तक्ता काढून झाला की ठरलेले पैसे आणि मोकळे पैसे प्रत्यक्षात वेगळे करायचे. वर्तनाधारित अर्थशास्त्राचे अभ्यासक आणि २०१७ च्या नोबेल पुरस्काराचे मानकरी रिचर्ड थेलर यांनी दाखवून दिले आहे, की माणसे मनातल्या मनात पैशाची वेगवेगळी खाती पाडतात आणि एका खात्यातले पैसे दुसऱ्याला सहसा लावत नाहीत. तर्काच्या दृष्टीने हा दोष आहे, कारण पैसा सगळीकडे सारखाच; पण नवशिक्याने या दोषाचाच उपयोग करून घ्यावा. दोन बँकखाती, एका खात्यातले दोन कप्पे किंवा साधी दोन पाकिटे, यांपैकी काहीही निवडावे. मोठी रक्कम एकीकडे राहील आणि दर आठवड्याला ठरावीक वारी फक्त त्या आठवड्याची रक्कम दुसरीकडे येईल. माझ्या मते हा वार सोमवार असावा; शनिवारी आलेले पैसे रविवार संध्याकाळपर्यंत आठवडाभराचे राहत नाहीत.

राखीव निधीविषयी बोलताना मोठे आकडे टाळावेत. सहा महिन्यांचा खर्च शिल्लक असावा, हा सल्ला नोकरी गमावण्याच्या भीतीवर बेतलेला आहे आणि विद्यार्थ्याला तो अशक्यप्राय वाटल्यामुळे तो सुरुवातच करत नाही. विद्यार्थ्याचे उद्दिष्ट असावे एका विघ्नाएवढी रक्कम. मोबाइल फुटणे, अचानक गावी जावे लागणे किंवा डॉक्टरांकडे जावे लागणे, यांपैकी आपल्या बाबतीत सर्वांत संभवणारे विघ्न कोणते हे त्याने ठरवावे, त्याला काय लागेल ते विचारून घ्यावे आणि तेवढी रक्कम सत्राअखेरपर्यंत जमवावी. ती वापरली गेली, तर निधी त्याच कामासाठी होता हे आवर्जून सांगावे, कारण राखीव पैसे खर्च झाल्यावर अनेकांना अपराधी वाटते आणि ते पुन्हा साठवायचे सोडून देतात.

चौथा तास : उधार, हप्ता आणि व्याज

येथे गणित आवश्यक आहे, पण ते आलेखाऐवजी विद्यार्थ्याच्या पदराला झळ लागेल अशा स्वरूपात यावे. ७२ चा नियम प्रथम शिकवावा : ७२ ला व्याजाच्या दराने भागले की रक्कम दुप्पट व्हायला लागणारा काळ अंदाजे मिळतो. हा नियम लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाच्या १४९४ मध्ये छापलेल्या ग्रंथातही आढळतो, म्हणजे पाचशे वर्षांहून जुना आहे. बहुतेक पुस्तके तो बचतीसाठी सांगतात; विद्यार्थ्यांना मी तो कर्जासाठी सांगतो. दरमहा ३ टक्के व्याज असेल, तर काहीच न फेडल्यास देणे २४ महिन्यांत दुप्पट होते. शिवाय ‘महिना ३ टक्के’ ऐकायला किरकोळ वाटते, परंतु चक्रवाढीने त्याचे वर्षाला ४२.६ टक्के होतात, हे विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावे.

त्यानंतर क्रेडिट कार्डाच्या बिलातील ‘किमान देय रक्कम’ या शब्दांवर थांबावे, कारण तो एक सापळा आहे, असे मी स्पष्टच म्हणतो. समजा देणे १०,००० आहे, व्याज महिना ३ टक्के आणि दरमहा एकूण देण्याच्या केवळ ५ टक्के रक्कम भरली जाते, नवीन खरेदी मात्र काहीच नाही. वर्षभर न चुकता भरणा केल्यावर काय चित्र दिसते? भरले गेले सुमारे ५,५००. देणे उरले सुमारे ७,७००. म्हणजे भरलेल्या पैशांपैकी सुमारे ३,२०० व्याजात गेले आणि मुद्दल जेमतेम २,३०० नी कमी झाले. बारा ओळींचा हा तक्ता विद्यार्थ्यांनी जोडीजोडीने पूर्ण करावा. कार्ड वापरायचेच असेल तर पूर्ण बिल मुदतीत भरावे, अन्यथा वापरू नये. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा बारीक नियमाची गरज नाही.

सरळ दराच्या हप्त्यांचे एक उदाहरणही द्यावे. १२,००० चे कर्ज, वर्षभरासाठी सरळ १० टक्के, म्हणून व्याज १,२०० आणि बारा हप्ते १,१०० चे. विक्रेता दर १० टक्के सांगतो. परंतु कर्जदाराकडे १२,००० वर्षभर राहतच नाहीत. दर हप्त्यागणिक मुद्दल कमी होते आणि व्याज मात्र पूर्ण मुद्दलावर मोजलेले असते. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हा दर सुमारे १८ टक्के पडतो. ‘बिनव्याजी हप्ते’ या जाहिरातीसमोरही दोन प्रश्न विचारायला शिकवावे : प्रक्रिया शुल्क किती, आणि रोख दिल्यास किंमत कमी होते का.

शैक्षणिक कर्ज घेतलेले विद्यार्थी वर्गात असतील, तर त्यांना आपल्या कर्जपत्रावरून चार उत्तरे शोधून आणायला सांगावे : शिक्षण चालू असताना व्याज लागते का, लागत असल्यास ते पुढे मुद्दलात मिळवले जाते का, पहिला हप्ता नेमका कधी सुरू होईल, आणि दर स्थिर आहे की बदलता. सही स्वतःची असूनही ही उत्तरे ठाऊक नसलेले विद्यार्थी अनेक असतात आणि त्यांना कर्जपत्र उघडून वाचायला लावणे हे व्याख्यानापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

पाचवा तास : नाही म्हणणे

पहिल्या तासातला ‘सोबतीमुळे’ हा रकाना येथे पुन्हा उघडावा. विद्यार्थ्यांचा पैसा मोहापेक्षा भिडेपोटी जास्त जातो, असे माझे निरीक्षण आहे, आणि भिडेवर गणिताने उपाय होत नाही. त्यासाठी शब्द लागतात. म्हणून या तासाला दोघा-दोघांनी छोटे संवाद करून पाहावेत. एक जण सहलीचा आग्रह करतो, दुसरा न ओशाळता नकार देतो. ‘‘या महिन्यात मला जमणार नाही, पण पुढच्या वेळी ठरवण्याआधी मला विचारा’’ हे वाक्य तोंडाने म्हणून पाहिलेले असले की प्रसंगी सुचते. खोटी सबब सांगण्याची गरज पडू नये, असा प्रयत्न करावा. सबबीची पुढची सबब तयार ठेवावी लागते.

हातउसन्याचेही असेच. उसने देताना परत न आल्यास मैत्री टिकेल एवढीच रक्कम द्यावी, आणि परतीची तारीख देतानाच बोलून ठेवावी, कारण नंतर तारीख विचारणे हा तगादा वाटतो. मैत्रिणीकडून पैसे परत कसे मागायचे, असे विचारणाऱ्या त्या विद्यार्थिनीला तेव्हा मला उत्तर देता आले नव्हते. आज मी असे सुचवीन, की मागणी एकांतात करावी, रक्कम स्पष्ट सांगावी, कारण आपल्या खर्चाचे द्यावे, मैत्रिणीच्या वागण्याचे देऊ नये, आणि एकदम शक्य नसेल तर दोन भागांत देण्याचा मार्ग आपणच खुला ठेवावा : ‘‘तुला दिलेले ६०० मला पंधरा तारखेच्या शुल्कासाठी लागणार आहेत; अर्धे आज आणि अर्धे दहा तारखेला दिलेस तरी चालेल.’’

याच तासाच्या उत्तरार्धात फसवणुकीचा विषय घ्यावा, कारण फसवणारेही भिडेचा आणि घाईचाच वापर करतात. चार्ल्स पाँझी याने १९२० मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचे आमिष दाखवून हजारो लोकांचे पैसे गोळा केले. जुन्या गुंतवणूकदारांना नव्यांच्या पैशांतून नफा दिला जात होता आणि काही महिन्यांतच डोलारा कोसळला. त्याचेच अवतार आजही मेसेजमधून येतात. विद्यार्थ्यांना एक गणित करायला द्यावे : दर ४५ दिवसांनी ५० टक्के, तर १०० चे वर्षभरात किती होतील? आठ फेऱ्यांत, म्हणजे ३६० दिवसांत, उत्तर २,५०० च्या पुढे जाते. कोणता प्रामाणिक धंदा वर्षात पंचवीसपट देतो, हा प्रश्न मग शिक्षकाला विचारावा लागत नाही.

विद्यार्थ्यांना विशेषकरून लक्ष्य केले जाणारे दोन प्रकार स्पष्ट सांगावेत. एक म्हणजे नोकरी देण्याआधी नोंदणीचे किंवा प्रशिक्षणाचे पैसे मागणे. दुसरा अधिक घातक : ‘तुझ्या खात्यात थोडे पैसे येतील, ते पुढे पाठव, कमिशन तुझे’. असे खाते गुन्ह्यातील पैसा फिरवण्यासाठी वापरले जाते आणि चौकशी खातेदाराच्या दारात येते. याशिवाय पैसे स्वीकारण्यासाठी गुप्त क्रमांक कोणालाही द्यावा लागत नाही, हे इतक्यांदा सांगावे की विद्यार्थ्यांनी कंटाळून ते स्वतःच पूर्ण करावे.

सहावा तास : गुंतवणूक, थोडक्यात

विद्यार्थ्यांना या विषयाची उत्सुकता सर्वाधिक असते आणि तूर्त उपयोग सर्वांत कमी. त्यामुळे येथे रेंगाळू नये. ॲनामारिया लुसार्डी आणि ऑलिव्हिया मिचेल यांनी आर्थिक साक्षरता जोखण्यासाठी तयार केलेले तीन प्रश्न तासाला पुरेसे आहेत. १०० रकमेवर वर्षाला २ टक्के व्याज मिळाल्यास पाच वर्षांनी १०२ पेक्षा जास्त होतील की कमी? व्याज १ टक्का आणि महागाई २ टक्के असेल, तर वर्षभराने त्या पैशांत आजच्याइतक्याच वस्तू घेता येतील का? एकाच कंपनीचा समभाग हा अनेक कंपन्यांत पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडापेक्षा सुरक्षित असतो का? २००४ मध्ये अमेरिकेतील पन्नाशी ओलांडलेल्या लोकांना हे प्रश्न विचारले, तेव्हा तिन्हींची बरोबर उत्तरे सुमारे एक तृतीयांश लोकांनाच देता आली होती. उत्तरे अनुक्रमे जास्त, नाही आणि नाही अशी आहेत. प्रत्येकामागचे कारण, म्हणजे चक्रवाढ, महागाई आणि जोखमीची विभागणी, विद्यार्थ्यांनी एकमेकांना समजावून सांगावे. कोणता समभाग घ्यावा, या प्रश्नाला उत्तर देऊ नये. राखीव निधी जमलेला नसताना आणि व्याजाचे देणे शिल्लक असताना गुंतवणुकीची घाई नको, एवढे सांगून पुढे जावे.

तासाचा उरलेला अर्धा भाग पुढच्या सत्राचा तक्ता काढण्यासाठी राखून ठेवावा, आणि या वेळी शिक्षकाने फळ्याकडे जाऊच नये. कोणाला अडले तर शेजाऱ्याने मदत करावी.

तीन महिन्यांनंतर पुन्हा एकदा निनावी चिठ्ठ्या घ्याव्यात. वर्ग आवडला का, हे विचारू नये. त्याचे उत्तर सौजन्याने दिले जाते. तक्ता अजून वापरता का, राखीव निधीत काही जमले का, एखादा खर्च किंवा कर्ज टाळले का, आणि वर्गात जे सांगितले नव्हते पण लागले ते काय, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाची उत्तरे पुढच्या तुकडीच्या पहिल्या तासासाठी जपून ठेवावीत आणि नोंदी करून झाल्यावर बाकीच्या सर्व चिठ्ठ्या फाडून टाकाव्यात.